कप्तानाच्या खोलीची किल्ली

त्या सकाळचा फोन अजून माझ्या कानात वाजतो. निवृत्तीनंतर कानांनी बाकी सगळ्या कामांचा राजीनामा दिला, पण तो आवाज काही सोडत नाहीत. मी तेव्हा मालवणच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणे अंमलदार चहाला गेला होता, म्हणून फोन मीच उचलला.

"सायबानू, बेगीन येवा! देवळातली समई गेली. त्या येड्यांच्या घरातलो एक जण सकाळपासून गायब आसा. लोक दांडे घेवन तेका सोदतत!"

समई साधीसुधी नव्हती. पितळेची, पुरुषभर उंच. चौघांनी उचलली तर बघणाऱ्या पाचव्याची कंबर मोडावी अशी.

आणि 'येड्यांचं घर' म्हणजे एका संस्थेने त्या वाडीत भाड्याने घेतलेलं कौलारू घर. मनाच्या आजाराने वर्षानुवर्षं रस्त्यावर पडलेले चार पुरुष तिथे राहत, वेळेवर औषध घेत, आपला भात आपण शिजवत. गायब झालेला त्यांतला सर्वांत नवा. पूर्वी मालवण स्टँडच्या मागे अंगात तीन-तीन शर्ट घालून झोपायचा आणि येणाऱ्या प्रत्येक एस.टी.ला सलाम ठोकायचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. संस्थेच्या ताईंनी कित्येक महिने त्याच्या शेजारी जमिनीवर बसून चहा घेतला, तेव्हा कुठे स्वारी घरात यायला राजी झाली.

जीप वाडीत शिरली तर देवळासमोर अख्खा सिंधुदुर्ग! मोजले असते तर पन्नाससुद्धा भरले नसते, पण हातात दांडा असलेला माणूस दोघांएवढा दिसतो. घरमालक रडकुंडीला आलेला. "सांजेपर्यंत घर खाली करूक सांगतत, सायबानू. मी काय करू?"

चार माणसं पुन्हा रस्त्यावर, ही एक काळजी. त्याहून मोठी काळजी, कप्तान आधी माझ्या हाती लागतो की त्यांच्या? एक हवालदार किनाऱ्याकडे पिटाळला, दुसरा चिरेखाणीकडे. खाणीत पाणी तुंबलेलं होतं. वायरलेस खरखरला की मी अर्धं वाक्य सोडून जीपकडे धावायचो.

ताईंनी दुसऱ्या किल्लीने कप्तानाची खोली उघडली. चादरीची घडी जागच्या जागी.

"कुलूप होतं ना? मग सुटला कसा?" मी दरडावलं.

"सुटला नाही साहेब, गेला. कुलूप त्यानेच लावलंय. किल्ली त्याच्याकडेच असते."

"असल्या माणसाच्या हातात किल्ली देता?"

"खोली त्याची आहे." ताईंनी भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला. "किल्ली बरोबर नेलीय, म्हणजे परत येणार. पळणारा माणूस किल्ली कशाला नेईल?"

मी तो खिळा एकदा हलवून पाहिला आणि बाहेर पडलो.

देवळात गेलो. दानपेटी शाबूत, कडी-कोयंडा शाबूत. पेटी सोडून समई नेणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. पूजेची पाळी कोणाची, म्हणून विचारलं. कालच बदललेली. जुन्या पाळीचे मानकरी एकटेच गर्दीच्या कडेला उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. एवढ्या आरडाओरड्यात हात पाठीमागे ठेवणारा माणूस पोलिसाला लगेच दिसतो. त्यांना जीपमागे घेतलं. हातांना चिंचेचा वास, बोटं पितळेने हिरवी.

"समई खंय?"

"घराकडे. चिंचेन घासूक नेलंय. सुटी करून, दोन खेपांनी. पाळी सोडताना लखलखीत करून देवची आमची रीत."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"नवी पाळी चुलतभावाची. तेच्याशी आमचा बोलणा नाय."

"कधीपासून?"

"बापाशीच्या येळेपासून."

आता यावर कुठलं कलम लावणार? दोन भावांच्या अबोल्यापायी तिसऱ्याच माणसाचा जीव टांगणीला!

तेवढ्यात ओरडा उठला, "इलो रे, इलो!" थांब्यावर एस.टी. लागली होती. सगळे तिकडे धावले. मी आणि माझं पोट, आम्ही दोघेही धावलो.

कप्तान उतरला. आधी एस.टी.ला सलाम ठोकला. मग वळून एका म्हाताऱ्याला हात देऊन खाली घेतलं. हा म्हातारा म्हणजे स्टँडमागे त्याच्या शेजारी झोपणारा जोडीदार. एक दांडा वर गेला, मी मध्ये घुसलो. कप्तानाचं लक्ष दांड्याकडे नव्हतंच. त्याने किल्ली माझ्या नाकासमोर धरली.

"सायबानू, हेका घेवन इलंय. हो थंय एकटोच. माझ्या खोलयेत दोघांक जागा जाता."

समई सापडली, हे मी ओरडून सांगितलं. पण राग कारणासोबत जात नाही, हातात उरतो. दांडे खाली येईनात. मी मानकऱ्यांच्या कानात पाच-सहा कलमं पुटपुटलो, त्यांतली निम्मी मी तिथेच जन्माला घातली होती. "नाहीतर या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घाला. आत्ता, मोठ्याने."

ते देवळाकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! आज आमच्या हातसून जी काय चूक झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं कानावर पडलं की ही उत्तराची सवय आमच्याकडे पाळण्यापासूनची.

"ह्या घरात जी माणसा ऱ्हवतत, तेंका तुझी लेकरा समजान सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंका भायर काढूचो इचार जो कोण करीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा घोष हवेत विरला आणि आपण कशाला होकार दिला ते एकेकाच्या ध्यानात आलं. पण देवासमोर गेलेला शब्द परत घेणार कोण? दांडे हळूच पाठीमागे गेले. सर्वांत मोठा आवाज त्या चुलतभावाचा होता. बापाच्या वेळेपासून त्याने मानकऱ्यांच्या घराला दिलेलं ते पहिलं उत्तर.

स्टेशन डायरीत मी लिहिलं, समई मिळून आली, कोणाची तक्रार नाही. म्हाताऱ्याला ताई दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि कप्तानाच्या खोलीत दुसरी चादर आली.

त्यानंतर बेपत्ता माणसाची खबर आली की मी फोटो आणि वर्णन नंतर मागायचो. आधी विचारायचो, "घराची किल्ली नेलीय का?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "त्याच्याकडे किल्ली कधी दिलीच नव्हती, साहेब."

मग मी चहा तसाच टाकून जीप काढायला सांगायचो.