घरात मराठी बंद

आमच्या पोरीला तिचे बाबा टकळी म्हणायचे. एकदा सुरू झाली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. तिला बारा पुरी झाली आणि आम्ही या देशात आलो. टकळी बंद पडली. वर्गात गप्प, घरी गप्प. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलगी बोलतच नाही म्हणून.

मी मुळातच तापट. त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, आजपासून पोरीने घरात मराठी बोलायचं नाही.

"आणि तुला कुठे येतं त्यांचं?" नवरा म्हणाला.

"मला काय करायचंय? चादरींना इस्त्री करायला भाषा लागत नाही."

हॉटेलच्या लाँड्रीत असते मी. तिथे यंत्रांपुढे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

सुरुवातीला ती हळूच म्हणायची, "आई, भूक लागलीय." मी ऐकलंच नाही असं दाखवायचे. त्यांच्या भाषेत मागेपर्यंत ताट वाढलं नाही, इतकी मी कजाग. आम्ही नवरा-बायको तर दार लावून बोलायचो, चोरासारखे.

पण शिकली हो पोरगी. दोन वर्षांत फाडफाड बोलायला लागली. दवाखान्यात, बँकेत मला बाजूला उभी करून सगळं तीच बोलायची. मी आपली चारचौघांत मिरवायचे.

आता सतराची आहे. गेल्या मंगळवारी दुपारी कामावरून आले, तर बाथरूमच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "काय झालं गं बाळा?"

ती बोलायला लागली. एका दमात, त्यांच्या भाषेत. शाळा तेवढी कळली, बाकी सगळं डोक्यावरून गेलं. मी नुसती मान हलवत राहिले.

"मराठीत सांग ना गं. मला कळत नाहीये."

ती थांबली. "आई, मला ना..." म्हणाली. परत म्हणाली, "मला..." पुढे काही येईना. तिची मराठी बाराव्या वर्षीच अडकली होती. भूक लागली, पाय दुखतोय, एवढं आलं असतं. हे काहीतरी मोठ्या माणसांचं दुःख होतं.

तिने डोळे पुसले. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दवाखान्यातली माणसं माझ्याशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, त्यांच्या भाषेत म्हणाली, काही नाही झालं, तू जेवून घे.

मग खोलीत जाऊन तिने मैत्रिणीला फोन लावला. अर्धा तास रडत रडत बोलत होती. मी दाराशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं. माझ्या लेकीला काय झालंय ते त्या परक्या पोरीला कळलं. मला अजून माहीत नाही.