पोथीतला सरस

"वास पोथीला नाही, रावसाहेब. हिच्या हाताला आहे."

असं तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. टेबलावर पोथी उघडी होती, वाटीत कोमट पाणी होतं, आणि चार माणसं माझ्या हातांकडे बघत होती. रावसाहेबांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. कोणीतरी हसलं. "पिढ्यान् पिढ्यांचा वास. साबणानं थोडाच जाणार?"

मी हात पदराखाली लपवले. त्याची लाज मला अजून वाटते.

तो एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाची फेलोशिप घेऊन भिलाईला आला होता. फेलोशिप म्हणजे शोध लावायचा पगार, हे त्यानंच मला सांगितलं. जुन्या पोथ्यांतली चित्रं कशानं रंगवली, ते त्याला यंत्रानं शोधायचं होतं. पोलादाचा कारखाना तेव्हा बांधून होत होता. धातू तपासायला प्रयोगशाळेत एक यंत्र आलं होतं. चिमूटभर चुरा दोन कांड्यांमध्ये जाळायचा. उजेडाच्या रेघा काचेवर उमटतात, त्यावरून धातू कळतो. तसं यंत्र त्याच्या संग्रहालयात नव्हतं. म्हणून रायपूरच्या एका जुन्या मराठी घरातली, या रावसाहेबांची, चित्रांची पोथी मागून तो इथे आला.

मी तिथे ठेकेदाराकडून झाडू मारायची. एकोणीस वर्षांची. चौथी पास. मजुरांच्या कॅम्प-एकमध्ये टिनाच्या खोलीत बापाजवळ राहायची.

यंत्रानं लाल रंगात पारा दाखवला, पांढऱ्यात शिसं. पण रंग कागदाला धरून कशानं राहिला, ते यंत्राला कळेना. त्यानं वहीत 'डिंक' लिहून टाकलं. देवाची पोथी, दुसरं काय असणार, असं त्याला वाटलं. एक दिवस खात्री करायला त्यानं रंगाचा पोपडा कोमट पाण्यात टाकला. मी शेजारचं टेबल पुसत होते. वास आला आणि माझा हात थांबला.

"हा डिंक नोहे साहेब. सरस होय. चामड्याचा."

"तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात माझा बाप कातड्याच्या कातरणी हंड्यात उकळायचा. चिकट रस्सा सुकवून सुताराला द्यायचा. सुतार त्याला शिवायचा नाही, सरस मात्र लांबून घ्यायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी बापानं हंडा पालथा घातला. भिलाईला येताना मला बजावलं, "पोरी, हा वास तुले ओळखू येते, हे कोनाले सांगू नोको. आपन ते सोडून आलो."

मी सांगितलं. त्यानं वही उघडली आणि मी बोलत गेले तसा तो लिहीत गेला. माझं बोलणं कोणी लिहून घेतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. मग पंधरा दिवस त्यानं मला पानं उलटायला लावली, पोपडे निवडायला लावले. "घाबरू नकोस, लाव हात. अहवालात तुझं नाव घालणार आहे मी."

घरी मी बापाला सांगितलं. आधी तो रागावला. मग म्हणाला, "नाव लिवते म्हने? पुरं?"

"पुरं. तुमचं भी येईन त्यात."

अहवाल म्हणजे पुस्तकच असते का, असं तो सोबतच्या मजुरांना विचारत फिरला.

मग रावसाहेब पोथी बघायला आले. त्यानं मोठ्या हौसेनं सरसाचं सांगितलं. म्हातारा ओरडला. "आमच्या देवघरातली पोथी आहे ही! चामडं? आत्ताच्या आत्ता बांधून द्या." पोथी गेली की फेलोशिप गेली. तेव्हा त्यानं शब्द फिरवले : पोथीत चामडं नाही, वास माझ्या हाताचा.

पाहुणे गेल्यावर तो एक कागद घेऊन आला. सोबत अंगठ्यासाठी शाईची डबी. पंधरा दिवस माझ्याशी बोलला, पण मला लिहिता येतं का, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"एवढंच, की तू न विचारता पोथीला हात लावलास. रावसाहेबांचं समाधान होईल. तुझी नोकरी राहील. मी ठेकेदाराशी बोललोय."

"न इचारता? तुमीच त म्हनले हात लाव. मंग खोटं कावून लिहू?"

"अगं, समजून घे."

"आन् माहं नाव?"

"आता कसं घालणार?"

"अहवालात डिंक लिहान का सरस?"

"सरस," तो म्हणाला. "ते तर खरंच आहे ना."

इतकं सरळ बोलला तो. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, आणि ते तो स्वतःजवळ ठेवणार होता. वास माझ्या हाताला राहणार होता.

मी कागद वाचला. हळूहळू, बोट फिरवत, शेवटपर्यंत. त्याच्या खिशातलं पेन मागितलं आणि खाली लिहिलं : मी पोथीला हात लावला तो यांच्या सांगण्यावरून. सरस मी ओळखला. खाली पुरं नाव. बापाचं धरून. शाईची डबी त्याच्याकडे सरकवली. कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं फाटकावरूनच हाकललं.

"म्हनलो होतो ना तुले," बाप म्हणाला.

"म्हनले होते. पन मी आता लपवनार नाही."

बापानं कागद पत्र्याच्या पेटीत दीक्षेच्या पांढऱ्या कपड्यांखाली ठेवला.

पुढे मी बांधकामावर गिट्टी वाहिली, गारा वाहिला, लोकांची भांडी घासली. त्याचा अहवाल छापला असेल. नाव त्याचंच असेल. मला त्याची माफी नको. आणून दिली तरी घेणार नाही. पोरींना मी शिकवलं, आता नातींना सांगते : कागद वाचल्याशिवाय त्यावर बोट टेकवायचं नाही, आणि आपल्याला जे येतं ते आपल्या नावानं सांगायचं. बापानं हंडा पालथा घातला ते बरोबरच केलं. पण त्या पोथीत सरस आहे आणि तो ओळखणारी बाई जिवंत आहे.

त्या वाटीतला सरस ओळखणारी ती झाडूवाली पोरगी मी होते.