बोलत जावा

“भांडलीती जनू बापलेक. बघ की, तोंडं शिवल्यागत चाललीती.”

जुन्या लाईनीच्या तोंडाशी दोन बायका वैरणीचे भारे टेकवून बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हे म्हणाली. मी ऐकलं हे तिच्या लक्षात आलं, तरी ती लाजली नाही. उलट तिनं मोठ्यानं हाक मारली, “ओ पावणं! गप जाऊ नकासा. उसात गवा हाय. काल सांच्याला आमच्या मालकानी बघितलाय.”

पप्पा थांबले. “मग काय करायचं म्हणता?”

“बोलत जावा की. मानसाचा आवाज आला की त्यो आपनच बाजूला हुतोय. गुपचूप गेलासा तर दचकतोय, आन मग अंगावर येतोय.”

दुसरी हसली. “त्या पोरीला लावा बोलायला. मघाधरनं तोंड उघडलं न्हाय तिनं.”

मी ओढणी सारखी केली आणि हसल्यासारखं केलं. पप्पा पुढं निघाले होते.

लाईन म्हणजे पूर्वी कारखान्याला ऊस नेणाऱ्या छोट्या रेल्वेची वाट. रूळ कधीच उचलून नेले. राहिलाय तो मातीचा भराव, मधूनमधून खडी, ओढ्यावरच्या दगडी मोऱ्या आणि दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस. एका टोकाला आत्याचं गाव, दुसऱ्या टोकाला गडमुडशिंगीकडून कोल्हापूरला जाणारा डांबरी रस्ता. त्या रविवारी आत्याकडं जेवून आम्ही परत निघालो होतो. आतेभाऊ गाडीवरून स्टॉपपर्यंत सोडणार होता, पण पप्पा म्हणाले, चालत जातो. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं, आणि रेल्वे गेलेल्या वाटेइतकी सपाट वाट कुठली असणार?

त्यांना स्टेंट बसवून फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ते पित्त झालंय म्हणून सोडा पीत होते, आणि आम्ही सगळे ते खरं धरून चाललो होतो. आज आत्याकडं जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा सोडा मागितला. आत्यानं हसत आणून दिला. मी मात्र तेव्हापासून त्यांचा उजवा हात बघत होते. आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की तो डाव्या खांद्यावर जायचा, थोडा वेळ तिथं थांबायचा आणि खाली यायचा. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आईनं माझ्या पर्समध्ये टाकल्या होत्या. चालता चालता मी त्या पाकिटाची कड अंगठ्यानं चाचपत होते.

विचारायला दोन शब्द पुरले असते. पण आमच्या घरात पप्पांना कुणी काही विचारत नाही. ते सांगतात तेवढं आपण ऐकायचं. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस घरी आला की पेपरमागं जातो. आणि मला शाळेपासून सवय लागलेली, की वाक्य आधी मनात इंग्लिशमध्ये नीट जुळवायचं, तपासायचं आणि मग बोलायचं. वाक्य तयार होईपर्यंत बहुतेक वेळा विषय बदललेला असतो.

पहिल्या मोरीपाशी चिखलात खूर उमटले होते. गाईम्हशींच्या खुरांपेक्षा मोठे, आणि त्यात साचलेलं पाणी अजून गढूळ होतं. पुढं शेणाचा ओला पो पडला होता. मी मागं वळून पाहिलं. बायका दिसत नव्हत्या.

“बोल की ग,” पप्पा म्हणाले.

“काय बोलू?”

“काय पण. एवढी फी भरली शाळेची.”

मी सतराचा पाढा सुरू केला. सेव्हन्टीन वन्झा सेव्हन्टीन, सेव्हन्टीन टूझा थर्टी फोर. माझाच आवाज मला परका वाटत होता.

“त्या गव्याला इंग्लिश येत नसंल. मराठीत म्हण.”

“मराठीत सतराचा येत नाही मला.”

पप्पा मोठ्यानं हसले. घरी ते असं हसल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली, दुकानात पोऱ्याला माल काढायला सांगतात तशी. “अर्धा इंची एल्बो! पाऊण इंची टी! पितळी बॉलव्हॉल्व्ह! सॉकेट, युनियन, निप्पल, टेफ्लॉन टेप!”

उजवीकडचा ऊस हलला. वारा नव्हता. पाचोळा मोडत काहीतरी जड आमच्या बरोबरीनं चालत होतं आणि आम्ही थांबलो की तेही थांबत होतं. गोठ्यासारखा वास आला. पळायचं म्हटलं तरी कुठं पळणार होतो, आणि पप्पांना तर पळायला सक्त मनाई.

“बोला,” मी पुटपुटले. “पप्पा, थांबू नका, बोला.”

“अर्धा इंची एल्बो. पाऊण इंची... टी. पितळी... बॉल...”

तेव्हा मला ऐकू आलं. आधी एका दमात सात-आठ वस्तू येत होत्या, आता एकेका शब्दापाशी श्वास अडत होता. गप चाललो असतो तर रस्ता येईपर्यंत मला हे कळलंच नसतं.

ऊस ओढ्याच्या दिशेनं कलत गेला. पाचोळ्याचा आवाज लांब लांब गेला आणि बंद झाला.

“गेला बघ,” पप्पा म्हणाले. “चल.”

पण ते हलले नाहीत. रेल्वेच्या वेळचा एक दगडी खांब भरावाच्या कडेला तिरका उभा होता. त्यावर त्यांनी हात टेकला होता. दुसरा हात खांद्यावर होता आणि या वेळी मी बघतेय हे माहीत असूनही त्यांनी तो काढला नाही. कपाळावर घाम होता.

“पित्त,” ते म्हणाले. “तुझ्या आत्याच्या... रश्श्यानं.”

गवा गेला होता की ओढ्यात उभा राहून ऐकत होता, कोण जाणे. मला आता त्याची भीती वाटत नव्हती. जी वाटत होती ती माझ्या समोर, खांबाला टेकून उभी होती. मनात वाक्य जुळलेलं नव्हतं, कुठल्याच भाषेत नाही. मी पर्स उघडली, पाकिटातली गोळी हातावर काढली आणि बोलले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या उसातून पाखरं उडाली.

“पप्पा, खाली बसा. हे पित्त नाही. कुठं दुखतंय ते सांगा मला. मोठ्यानं सांगा.”