आबा, ताई आणि गुळाचं पाणी

आबांची माती आज नाही. उद्या आहे.

माझे सासरे सकाळी गेले. हॉलमध्ये बर्फाच्या पेटीत ठेवलंय त्यांना. कन्नडहून जीपा भरभरून भावकी आलीय, आमच्या सिडकोतल्या गल्लीत खुर्च्या कमी पडल्यात.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. कुणासाठी थांबायचं?

वैशालीताईसाठी. माझी नणंद. आत्ता ती विमानात आहे, फोन बंद आहे, आणि इथं तिच्या बाजूनं बोलायला फक्त मी आहे.

ताईनं जातीबाहेर लग्न केलं आणि अमेरिकेला गेली. तेव्हा आबा चार माणसांत तिला म्हणाले होते, "माझ्या मातीलाबी येऊ नको."

हे वाक्य आज अख्ख्या भावकीला तोंडपाठ आहे. आबांच्या आवडीची भाजी विचारा, एकालाही सांगता येणार नाही.

आबांचे धाकटे भाऊ, नाना, मघाशी मला म्हणाले, "सूनबाई, गेलेल्या माणसाची जबान हाय. दिस मावळायच्या आत उरकून घ्या."

माझा नवरा खाली मान घालून बसलाय. आबांपुढेही तो असाच बसायचा.

म्हणून इथं लिहितेय. बाहेर बसलेले निम्मे जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचा.

सासूबाई गेल्यावर आबा आमच्याकडे आले. ताईचा मला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा, तिकडे तेव्हा सकाळ. आबा तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघायचे.

टीव्हीचा आवाज मात्र बंद.

एकदा ताईच्या मागे बॅकयार्डमध्ये लाल फीडर, म्हणजे पाखरांना पाणी पाजायचं भांडं, लटकलेला दिसला. त्याच्यापुढे अंगठ्याएवढा पक्षी हवेत एका जागी उभा. पंख दिसतच नव्हते, इतके जोरात हलत होते.

"ते काय हाय, इचार तिला," आबा मान वळवून मला म्हणाले.

बाप-लेक समोरासमोर, आणि मध्ये मी दुभाषी!

हमिंगबर्ड, ताई म्हणाली. थंडीच्या आधी समुद्र ओलांडून दक्षिणेला जातात. वाटेत साखरेचं पाणी प्यायला थांबतात.

"एवढुसं पाखरू समुद्रावरून जातं? लबाड बोलती म्हणावं तिला."

पण दुसऱ्या दिवशी कॉल यायच्या आधीच टीव्ही बंद.

रोज नवी पाखरं यायची आणि निघून जायची. एक मात्र मुक्काम ठोकून होतं. गळ्यावर लाल ठिपका, आणि दुसऱ्या कुणाला फीडरपाशी फिरकू द्यायचं नाही. "आमच्या नानावर गेलंय," आबा म्हणायचे.

मग एक दिवस फर्मान निघालं. "साखर कशाला? केमिकल मारल्याली असती. लांबून आलेल्याला आपण गूळपाणी देतो. गूळ घाल म्हणावं."

आम्ही पाठवलेला गूळ ताईकडे होताच. बापाचं एक मोठं ऐकलं नव्हतं तिनं. हे छोटं मुकाट्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कॉल उचलला तर ताई रडत होती.

रात्रीत तिकडे कडाक्याची थंडी उतरली होती. ते ठिपकेवालं पाखरू फीडरच्या दांडीला उलटं लटकलेलं. डोळे मिटलेले. हालचाल नाही.

मी नेटवर शोधलं. पहिलीच ओळ बघून फोन खाली ठेवला.

"वाच," आबा म्हणाले.

वाचलं. हमिंगबर्डला गूळ कधीही देऊ नये.

आबा म्हणाले, "म्या मारलं त्याला."

मी घाबरले. पाखरासाठी नाही, खरं सांगते. या दोघांना बोलायला जगात तेवढा एकच विषय उरला होता. तो आबांच्या शब्दानं मेला, तर हा माणूस पुन्हा फोनकडे बघणार नव्हता. मी ओळखून होते त्यांना.

ताई तिकडे वाचत होती. फार थंडीत हे पक्षी मेल्यासारखे निपचित पडतात. ऊब मिळाली की कधी कधी उठतात. हात लावायचा नाही, वाट बघायची.

तिनं फोन कुंपणावर टेकवला. आम्ही बघत राहिलो.

ऊन फीडरपर्यंत यायला तयार नव्हतं. चहा आला, आबांनी हातानंच परत पाठवला.

एकदाच आबा पुटपुटले, "ऊठ की रे."

पाठीची पिसं हलली. मला वाटलं, वारा असेल.

परत हलली.

डोळा उघडला. पाखरू धडपडत सुलटं झालं, दांडीवर बसून बराच वेळ थरथरलं, आणि भुर्रकन उडालं.

ताई हसत होती आणि रडत होती. "आबा, तुम्ही म्हणालात म्हणून मी गूळ..."

आबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ लेकीशी बोलले.

"साखरच देत जा, पोरी. आन हे बघ, बाप म्हंतो ते समदं ऐकायचं नसतं."

ताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "मातीला येऊ नको म्हणाला होतात, तेपण?"

आबा खेकसलेच.

"समदं म्हनलं ना! कितींदा सांगू?"

नाना, तुम्हाला जबान पाळायचीय ना? ही घ्या. ही नंतरची आहे आणि मी माझ्या कानांनी ऐकलीय.

उद्या ताई येईल, आबांच्या तोंडात पाणी घालेल, मगच आबा या घरातून निघतील. ज्यांना थांबवत नसेल त्यांना कन्नडची एसटी अजून मिळेल.

आबा, लेक निघालीय तुमची. तिला भेटा, आणि मग निवांत जा.