एकच बँड, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझ्या उजव्या कानात एक शिट्टी आहे. बारीक, सरळ, न थांबणारी. पूर्वीचा जुना टीव्ही असायचा ना, त्याचा आवाज बंद केला तरी आत कुठेतरी 'ईऽऽ' असं वाजत राहायचं, अगदी तशी. काही वर्षं झाली, माझ्याबरोबर उठते, माझ्याबरोबर चहा घेते. कानाच्या डॉक्टरीणबाई पंजाबी आहेत, फार गोड बोलतात. म्हणाल्या, "इलाज नहीं है आंटी जी, आदत डाल लीजिए." सवय चंदीगडच्या थंडीची होते, राजमा-चावलची होते. शिट्टीची कशी व्हायची? भजनाला जाऊन बसले तर बाई आलाप घेऊन थांबल्या की त्या थांबण्यात माझी शिट्टी मोठी व्हायची. हळूहळू मी भजन सोडलं. कुणाला कारण सांगितलं नाही.

तर अशी मी, माहेरची मिरजेकडची. हे एअर फोर्समध्ये होते, विमानांच्या इंजिनांच्या देखभालीवर. शेवटची बदली इथली, आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. गच्चीवर एक खोली आहे, इकडे तिला बरसाती म्हणतात. ती आम्ही मराठी मुलींना देतो, म्हणजे संध्याकाळी दोन शब्द मराठीत बोलायला मिळतात. गेली दोन वर्षं तिथे कराडची एक मुलगी आहे. सेक्टर सदुसष्टला औषधांच्या संस्थेत संशोधन करते. दिवसभर पांढरा कोट, आणि रविवारी काळा टीशर्ट, त्यावर कवटी.

ती आली त्याच आठवड्यात दुपारी वरून असा आवाज आला की मला वाटलं, पोरीला उलट्या होताहेत. ओवा आणि गरम पाणी घेऊन धापा टाकत वर गेले. पाहते तर ही आरशासमोर उभी राहून पोटावर हात ठेवून गुरगुरतेय.

"अगं बाळ, काय होतंय?"

"काही नाही काकू, रियाज."

ती एका बँडमध्ये गाते, हे मला असं कळलं. मेटल म्हणतात त्याला, आणि त्यातलंही एकदम जहाल. ड्रम वाजवणारा एक सरदार मुलगा, डेराबस्सीच्या औषध कारखान्यात शिफ्टमध्ये असतो. गिटारवाले दोघे मोहालीच्या आयटीतले. गाणारी ही एकटी मुलगी. मी म्हटलं, घसा फाटेल गं. तर म्हणाली, घशातून नाही काढायचा, पोटातून काढायचा, आणि आधी कोमट पाणी प्यायचं. गरम पाणी तिने पिऊन टाकलं, ओवा परत दिला.

आता मुद्द्याचं. एकदा हिवाळ्यात मी गच्चीवर गाजरं वाळत घालत होते आणि तिने खोलीतल्या स्पीकरवर काहीतरी लावलं होतं. इतक्या वेगात वाजणाऱ्या गिटारी की एकेक सूर वेगळा कळेना, हजार मधमाश्या एकदम उठाव्यात तसा एक पट्टा नुसता. आणि माझ्या हातातलं गाजर हातातच राहिलं. शिट्टी नव्हती! शोधली, सापडली नाही. गिटारींचा तो पट्टा नेमका तिच्याच उंचीवर होता, तिच्यावर पांघरुणासारखा बसला होता. गाणं संपलं, शिट्टी परत.

"हे काय होतं?" मी दारात जाऊन विचारलं.

"सॉरी काकू, कमी करते."

"कमी नको करू. परत लाव."

हा ईशान्येकडच्या डोंगरांतला चार मुलांचा बँड. तोंडाला पांढरं फासतात. त्या दिवसापासून मी शिकायला लागले. शिकवायला कुणी नाही, आपलंच ऐकायचं आणि ठरवायचं. ब्लॅक मेटल माझ्या शिट्टीवर बसतं. डेथ मेटल तिच्या खालून जातं. डूम नावाचा प्रकार आहे, ते लोक एक सूर धरतात आणि माझी मेथी निवडून होते तरी सोडत नाहीत. ते ऐकायला मला आवडतं, पण शिट्टीला त्याचं काही वाटत नाही. ह्यांच्या मते सगळं सारखंच. "इंजिनाला तेल कमी पडलंय," एवढंच म्हणतात.

फोनवर ऐकलं की शिट्टी अर्धी झाकली जाते. तिच्या स्पीकरवर पाऊण. पूर्ण झाकली जाईल का, हे मला एकदा पाहायचं होतं. त्याच चार मुलांसमोर उभं राहून, एकदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाकी मला काही नको होतं.

आणि मग बातमी आली की चंदीगडात मैदानावर दिवसभराचा मेटलचा मेळावा आहे. दोन स्टेज, अकरा बँड. ते चौघे येणार. आणि आमच्या बरसातीतल्या बँडचाही पहिलाच मोठा कार्यक्रम तिथेच.

मी आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, जायचंच असेल तर कानात चांगले बोळे घालून, स्पीकरपासून लांब, आणि एका बँडपुरतं. दिवसभर नाही. "एक, आंटी जी. पक्का?" पक्का म्हटलं.

हे म्हणाले, "मी आयुष्यभर जेट इंजिनापाशी उभा राहिलो, त्याचा पगार मिळायचा. तू तिकीट काढून उभी राहणार?"

"हो," म्हटलं. "आणि गाडी तुम्ही चालवणार."

अकरातून एक निवडणं तसं सोपं होतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती आणि मी बसलो, तिच्या फोनवर एकेक बँड ऐकत. एकांची गाणी सुरू झाली म्हणेपर्यंत संपायची. ती म्हणाली, काकू, हे तुम्ही चष्मा लावेपर्यंत स्टेजवरून उतरतील. एक बँड परदेशी, सगळ्यांत मोठा, ज्याच्यासाठी दिल्लीहून पोरं येणार होती. ऐकला. छान होता, पण माझ्या कामाचा नव्हता. ती "काकू, ह्यांना सोडलंत तर लोक तुम्हाला वेडं म्हणतील" म्हणाली, तर मी म्हटलं, म्हणू देत. एका बँडच्या गाण्यांचे विषय तिने सांगितल्यावर ह्यांनी ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवले.

अडचण नंतर आली, वेळा जाहीर झाल्या तेव्हा. उन्हं कलल्यावर एका स्टेजवर ते चौघे, आणि बरोबर त्याच वेळी दुसऱ्या स्टेजवर आमची पोरगी.

तिने घरी कराडला गाण्याचं सांगितलेलंच नव्हतं. तिच्या बाजूने समोर उभं राहणारं घरचं माणूस म्हणजे मीच, आणि मी जाणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. मीही धरलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग मी आपली युक्ती काढली. संक्रांतीला आम्ही मराठी बायका इथे हळदीकुंकवाला फिरतो. कुणी झिरकपूरला, कुणी पंचकुल्याला, कुणी एअर फोर्सच्या वसाहतीत. एका संध्याकाळी सगळी घरं कशी व्हायची? उभ्या उभ्या. चप्पल काढायची, वाण घ्यायचं, तीळगूळ तोंडात टाकायचा, "अगं, बसायला वेळ नाही" म्हणायचं आणि पुढचं घर. तोंड दाखवलं की झालं, कुणी रागवत नाही. तसंच करायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं हिच्याकडे, मग मैदान ओलांडून तिकडे, शेवटी पुन्हा हिच्याकडे. मोठ्या उत्साहाने तिला सांगितलं.

तिचा चेहराच उतरला.

"काकू, हे काय हळदीकुंकू आहे?"

"अगं, दोन्हीकडे येईन म्हणतेय ना मी."

"दोन्हीकडे नाही, कुठेच नाही येणार तुम्ही. आमचं पहिलं गाणं ऐकून समजत नाही दुसरं कुठे जातंय ते. मी काय तीळगूळ वाटतेय का तिथे? दहा मिनिटांसाठी यायचं असेल तर येऊ नका."

"मग काका येतील तुझ्याकडे. पूर्ण वेळ."

"काकांना मी बोलावलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला बोलावलं होतं." आणि वर निघून गेली. जिन्यावर पाय आपटत.

राग आला मला. मग राहिला नाही. पोळ्या लाटता लाटता विचार केला, मी आजवर पूर्ण काय ऐकलं? ह्यांच्या नोकरीत दर कार्यक्रमाला बायकांनी पुढच्या रांगेत बसायचं आणि मुलं रडली की उठायचं. लग्नांत अक्षता टाकून पंगतीकडे पळायचं. शेजारणीच्या नातीचं नृत्य, कुणाचं बारसं, कुणाची सत्यनारायणाची पूजा, सगळीकडे तोंड दाखवून आलेली बाई मी. पोरगी बरोबर बोलली होती. येणं म्हणजे बसणं. मग बसायचं तर कुणापुढे?

तिच्यापुढे बसले असते तर ती खूश झाली असती आणि मी चांगली ठरले असते. दुसऱ्या दिवशी ती म्हणालीही असती, काकू, तो बँड पुन्हा येईल. पण ते चार जण डोंगरातून पुन्हा कधी उतरतील कुणास ठाऊक, आणि माझे कान तोवर कसे असतील तेही. हिचा आवाज मी रोज ऐकते, जिना चढला की झालं. नाही. मी पोळपाट बाजूला ठेवला आणि वर गेले.

"बाळ, मी तिकडे जाणार आहे. त्या चौघांकडे. पूर्ण. तुझ्याकडे एक मिनिटही नाही."

ती लॅपटॉपमधून वर बघेना.

"शिट्टीसाठी?"

"हो."

"ठीक आहे."

ठीक आहे म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. पुढचे काही दिवस ती आमच्याकडे न डोकावता परस्पर वर जायची-यायची. मी वाटीतून शिरा पाठवला तर वाटी धुऊन पायरीवर ठेवलेली सापडायची. ह्यांनी दोनदा सुचवलं, "बदल ना विचार. पोर आहे." मी म्हटलं, तुम्ही इंजिन अर्धं तपासून विमान सोडलंत का कधी?

मेळाव्याच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मैदानावर सगळी काळ्या कपड्यांची पोरं, त्यात मी लोकरीचं शिवलेलं जाकीट आणि सुती साडी. कुणी हसलं नाही. एक लांब केसांचा मुलगा आपली घडीची खुर्ची देऊन गेला, "बैठो जी." ह्यांनी पिशवीतून आपली इंजिनापाशी घालायची कानांवरची मोठी झाकणं काढली, डोक्यावर चढवली आणि मला न विचारता दुसऱ्या स्टेजकडे चालू लागले. ताठ, जसे परेडला जातात तसे.

मी कानात बोळे घातले. आणि काय सांगू, शिट्टी दुप्पट झाली! बाहेरचं सगळं दबलं, आत ती एकटीच. घाबरले. वाटलं, चुकलं आपलं, आता काहीच ऐकू येणार नाही. काढावे का बोळे? डॉक्टरीणबाईंना पक्का म्हटलं होतं. नाही काढले.

ते चौघे आले. न बोलता, न हसता. आणि सुरू झालं. आधी छातीत आलं, मग खुर्चीच्या दांड्यात, मग बोळ्यांतून आत. गिटारींचा पट्टा वर वर चढत गेला. मी शिट्टीवर लक्ष ठेवून होते, चुलीवरच्या दुधावर ठेवतात तसं. पातळ झाली. आणखी पातळ. मग नव्हती. पाऊण नाही, अर्धी नाही. नव्हती. एवढ्या प्रचंड आवाजात मी शांत बसले होते. मला रडू आलं नाही, मला झोप येईल असं वाटलं, इतकं हलकं.

दोन गाण्यांच्या मध्ये ते थांबले, तेव्हा मैदानापलीकडून एक आवाज आला. पोटातून काढलेला. मी ओळखला, कसा नाही ओळखणार? त्याच्यामागे पोरांचा कल्ला. पाय उचलला गेला माझा, खरंच. इतकंच तर अंतर होतं, दोन गाणी ऐकून परत येता आलं असतं. मी खुर्चीचे दांडे धरले. चौघांनी पुढचं गाणं सुरू केलं. शेवटच्या सुरापर्यंत मी उठले नाही.

नंतर कुलच्यांच्या गाडीपाशी सगळे भेटलो. ती घामाने ओली, आवाज बसलेला, हातात कोमट पाण्याची बाटली. सरदार मुलगा तिच्याशेजारी, हे त्याच्याशेजारी.

"काका पूर्ण वेळ अटेन्शनमध्ये उभे होते," ती म्हणाली. "लोक त्यांचे फोटो काढत होते."

"तेल बरोबर होतं," हे म्हणाले. यांच्याकडून एवढी स्तुती मला लग्नात मिळाली नव्हती.

ती माझ्याकडे वळली. "गेली?"

"गेली. पूर्ण."

तिने मान हलवली. मग हळूच, "मी ऐकू आले का?"

"आलीस. मधल्या गाण्याला शेवटी दम कमी पडला तुला."

"हो," ती म्हणाली. "पडला." आणि हसली, किती दिवसांनी. "उठावंसं वाटलं?"

"वाटलं."

सरदार मुलगा ओरडला, "देखा! मैंने बोला था, आंटी जी आधे में आ जाएंगी!"

"नहीं आईं ना?" ती त्याला म्हणाली. "कुलचे तू खिलाएगा." मग मला मराठीत, "पैज होती आमची. मी म्हटलं होतं, काकू येणार नाहीत. बोलल्या म्हणजे बोलल्या."

"आणि आले असते तर?"

"तर शिऱ्याची वाटी परत पाठवली असती. भरलेली."

त्याने कुलचे आणले. कांदा, चिंच, वर लोणी. शिट्टी परत आली होती, तिला मी काही म्हटलं नाही. खाता खाता पोरीला एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी तुमच्या त्या आयोजकांशी नीट भांड आणि तुमची वेळ बदलून घे. माझी मी बदलणार नाही.