आईकडून आलेली राखण

मावशीने काचेची नळी खिडकीकडे धरली. आजही एक अंडं नाही.

फळांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक माश्या प्रयोगशाळेत पाळायचं काम तिचं. मक्याचं पीठ शिजवून नळ्यांत ओतायचं, माश्या नव्या नळीत झटकायच्या, वर कापसाचा बोळा. तोंडावर सगळे मावशी म्हणत, पाठीमागे माश्यांची सासू.

माश्यांचा एक जुना वंश किडीने जवळजवळ संपला होता. प्रयोगशाळेच्या बाईंना तो त्यांच्या गुरूंनी सोपवलेला. उरल्यासुरल्या माश्या दोन नळ्यांत होत्या, एकीत माद्या, एकीत नर. बाईंनी बजावलं होतं, "मावशी, बागेतल्या कोवळ्या माद्या घ्या नि आपले नर त्यांच्याकडे सोडा."

मावशीने नेमकं उलटं केलं. जुन्या माद्या आधीच अशक्त, पोरींना कशाला घराबाहेर काढा? बागेतलेच नर तिने आत सोडले. होईनात का घरजावई! लेकी झाल्या, चांगल्या गुटगुटीत. पण अंडी घालेनात. शिजवलेलं करपलं का, बुरशी न लागण्याचं औषध जास्त पडलं का, ह्या विचाराने तिला घास गोड लागेना.

बाईंनी एक लेक सूक्ष्मदर्शकाखाली उघडली. आत अंडी जिथे तयार होतात तो बीजकोश नावालाच होता.

"मावशी, ह्यांची आई कुठली?"

"जुन्यातली. बाप बागेतला. चुकलं का हो माझं?"

बाईंनी तिला बसायला स्टूल दिलं.

"बागेतल्या माश्यांच्या जनुकांत एक उडाणटप्पू तुकडा असतो. जागा सोडून कुठेही घुसतो, तिथली घडी विस्कटतो. त्याला आवरायला त्यांच्याकडे आरएनएचे इवलेसे तुकडे असतात. काही प्रथिनं ते बेतशीर कापतात, काही ते हातात धरून फिरतात. त्या तुकड्यांना उडाणटप्पूची ओळख पटली की तो जागीच गप्प. ही राखण आई अंड्यात घालून पाठवते. आपल्या जुन्या माद्यांनी तो कधी पाहिलाच नाही, देणार कुठून? म्हणून ह्या लेकींचा बीजकोश त्याने पार मोडून टाकला."

"आणि बाप?"

"तो फक्त उडाणटप्पू देतो."

"आमच्या ह्यांच्यासारखंच," मावशीच्या तोंडून निघून गेलं. बाई हसल्या, आणि तिला रडूच फुटलं.

जुन्या माद्या तोवर मेल्या होत्या. नर थोडेच उरलेले, तेही म्हातारे. मावशीने देवाचं नाव घेऊन ते बागेतल्या माद्यांत सोडले. रोज सकाळी आधी तीच नळी बघायची. तळाशी एखादा नर उताणा दिसला की ती नळीला टिचकी मारून बघे. मावशीची स्वतःची लेकही पोटुशी होती. फोनवर तिला "जेवलीस का?" विचारताना मनात भलतंच येई: मी हिच्याबरोबर काय पाठवलं असेल, कोण जाणे.

अखेर नव्या लेकी कोशातून बाहेर आल्या. मावशीने त्या ताज्या खाद्यावर सोडल्या आणि बोळा दाबतच राहिली.

"अहो, गुदमरतील त्या," बाई म्हणाल्या.

पुढे एका सकाळी तिने नळी उचलली, पण उजेडाकडे धरवेना. "देवा, ह्यांच्या आयांनी दिलं असू दे," ती पुटपुटली आणि एकच डोळा उघडला.

पिवळ्या खाद्यावर कणीहून बारीक पांढरे ठिपके पडले होते.

"बाई, अंडी!" तिने हाक मारली आणि नळी उजेडाकडे धरली.