मधली परात

भाऊंच्या गच्चीवर उन्हाळ्यात जेवायला जायचं, तर घरून ताट नेलेलं चालत नसे. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या गल्लीत मे महिन्यात कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर अंगतपंगत असायचीच, आणि ज्याने त्याने आपलं ताट-वाटी घेऊन जायची ही जुनी रीत. भाऊंकडे मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवरच ताट काढून घेतलं जाई. "बठ्ठं चाली, पन ताट एकच!" बाकी सगळं चालेल, पण ताट एकच, हे त्यांचं ठरलेलं अहिराणी वाक्य. ते एकच ताट म्हणजे त्यांची कल्हई केलेली पितळी परात. ती सतरंजीच्या मधोमध, आणि भोवती आम्ही सगळे.

भाऊ वेल्डर होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लिबियात पाइपलाइनच्या कामावर जाऊन आले होते. तिकडून लोक टेपरेकॉर्डर आणायचे, भाऊंनी स्वयंपाक आणला. त्यांच्या जोडीला यानी नावाचा एक ग्रीक वेल्डर होता, त्याच्याकडून ते हे पदार्थ शिकले. भाऊंच्या तोंडी तो कायम 'यानीभाऊ'. काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुमचं ते ग्रीक-बीक माझ्या ओट्यावर नको." म्हणून सगळा पसारा गच्चीवर.

पदार्थ म्हणाल तर साधेच. दही रात्रभर फडक्यात टांगायचं, काकडी किसून घट्ट पिळायची, आणि लसूण, मीठ, पुदिना घालून कालवायचं. टमाट्यांत तांदूळ आणि कांदा भरून ती पातेल्यात रचायची आणि झाकणावर निखारे ठेवायचे. भरताची मोठी वांगी मे महिन्यात मिळायची नाहीत, मग बाजारात असतील ती आणून कपाशीच्या काड्यांवर भाजायची. त्यात नुसतं लिंबू, लसूण, तेल. मिरची नाही! लिबियाहून आल्यापासून भाऊंच्या पोटाला ती सोसतच नसे. खानदेशात बिनमिरचीचं भरीत म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारण्यातला प्रकार. पहिल्या वर्षी लोकांनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि घरी जाऊन ठेचा खाल्ला. पुढच्या वर्षी तेच लोक होळी झाल्या झाल्या विचारू लागले, "भाऊ, यंदा कधी?"

यानीभाऊच्या गावी म्हणे ऑलिव्हच्या तेलाशिवाय जेवण होत नाही. धुळ्यात ते मिळायचं फक्त मेडिकलमध्ये, तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी, इवल्याशा बाटलीत. दुकानदार दर उन्हाळ्यात विचारायचा, "काय भाऊ, घरात पाळणा हलला का?" भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "हो ना. गच्चीवर टांगेल शे." टांगलेलं असायचं दही. बाकी सगळं शेंगदाण्याच्या तेलावर भागायचं, बाटलीतले चार थेंब शेवटी वरून पडायचे.

ताटाचा हट्ट सोडला तर भाऊ बाकी सगळ्यांचे नियम पाळायचे. शेजारच्या शेठाणीकाकी मारवाडी जैन. त्या दिवस बुडाल्यावर जेवत नसत, म्हणून पंगत उजेडातच बसायची. धुळ्यातल्या मे महिन्यात त्या वेळी गच्चीवर पाय ठेववत नाही. भाऊ दुपारपासून बादल्या ओतायचे आणि पाण्यावरून काकू ओरडायच्या. काकींना लसूण, कांदा, वांगं काहीच चालत नसे. मग परातीची एक कड त्यांच्यापुरती, बिनलसणाच्या दह्याची. हे त्यांनी माहेरी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, हे भाऊ एकदाच बोलले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्यांच्यासोबत भाजलेली वांगी सोलत होते. भाऊ बौद्ध, मूळ सोनगीरकडच्या एका खेड्यातले. म्हणाले, "माझ्या बापाचा चहाचा कप मालकाच्या गोठ्यात असायचा. येगळा. तिकडं लिबियात पहिल्याच दिवशी यानीभाऊनं एक ताट मधी ठेवलं, रोटी मोडली, अर्धी मला दिली. मी कोन, कुठला, काही इचारलं नही. त्या दिवशी घास उतरेना मला." एवढं बोलून त्यांनी लसूण मागितला.

गल्ली हळूहळू परातीशी बसली. एक माझी आई सोडून. ती यायची, पुदिना निवडायची, गप्पांत सगळ्यांच्या पुढे असायची. परात मांडली की मात्र "मला बाई भूकच नाही" म्हणून कठड्याशी पदराने वारा घेत बसायची. भाऊ आधीच काढून ठेवलेली वाटी नंतर माझ्यासोबत आमच्या घरी पाठवायचे. ती वाटी आई चाटूनपुसून संपवायची आणि रिकामी कशी द्यायची म्हणून तीत कुरडया घालून परत करायची.

आईला उष्टं चालत नसे. बाबांच्या ताटातलंही नाही, मी चावलेला आंबाही नाही. भाऊंनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. "कुणाचंच चालत नाही तिला, भाऊ."

"हां," ते म्हणाले. "उष्टं."

माझं बोलणं खरं होतं, पण ज्याच्या बापाचा कप गोठ्यात होता त्याला ते खरं कसं वाटावं? मला फार वाईट वाटलं आणि आईचा रागही आला. घरी येऊन बोलले, तर म्हणाली, "ती माझी लहानपणापासूनची सवय. त्यात भाऊंचं काय?" मग मी तिला कपाची गोष्ट सांगितली.

नव्वदनंतर भाऊंच्या मुलाला जळगावात नोकरी लागली आणि भाऊ-काकूंनी तिकडेच जायचं ठरवलं. शेवटच्या पंगतीला आई उशिरा आली, आणि हातात आमचं मोठं ताट! जिन्याशी तिला कुणी अडवलं नाही. तिने ते ताट परातीशेजारी, मधोमध ठेवलं. त्यात भरीत होतं, आपलं, दाणे आणि हिरवी मिरची घातलेलं.

भाऊंनी हात मागे घेतला. "वहिनी, पहिले तुम्ही घ्या. मंग आम्ही बठ्ठा."

"नाही," आई म्हणाली. "आधी तुम्ही. मग मी."

भाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाच्या कडेचं लागेल न लागेल इतकंच भरीत उचललं. त्यांचा घास होईपर्यंत आई थांबली. मग तिने तुकडा मोडला, भाऊंची बोटं जिथे लागली होती नेमका तिथेच टेकवला आणि खाल्ला.

भाऊ आमच्यावरच डाफरले, "बठ्ठा काय देखी ऱ्हायनात? खा!"

आठवड्याभरात ट्रक भरून ते जळगावला गेले. आईने त्यानंतर कधीच कुणाचं उष्टं खाल्लं नाही, नातवंडांचंसुद्धा नाही. काही वर्षांनी भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मिरची जास्तच पडली होती माझ्याकडून. पण बोलले नाहीत ते."